क्वालिटीकाकांनी केलेले फोन

क्वालिटीकाकांना दवाखान्यातून काढलं ते त्यांनी रुग्णांना फोन केले नाहीत, या कारणावरून. ते सगळे फोन त्यांनी केले होते. फोन लागले होते, माणसं बोलली होती, आणि ती काय बोलली ते कागदावर उतरवून काकांनी ते कागद माझ्या हातात दिले होते. हे सगळं पुरतं ठाऊक असलेला माणूस मी एकटा. आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती अधूनमधून विचारायची, "तुमचे ते गुडघ्यांकडे बघणारे काका हल्ली कुठं असतात?" आणि मी म्हणायचो, "काय माहीत."

गुडघ्यांकडे बघणारे, हे मात्र खरं. माणूस समोर आला की काकांची नजर आधी त्याच्या गुडघ्यांवर जाई, मग तोंडावर. लिफ्टपाशी दोन मिनिटं उभे राहिले तरी कुणाचा पाय पूर्ण सरळ होत नाही, कोण एका अंगावर भार टाकतो, हे त्यांचं टिपून झालेलं असे. आमच्या स्वागतकक्षात एक नवी मुलगी आली होती. तिनं आठवड्याभरात माझ्याकडे तक्रार केली, की ते म्हातारे गृहस्थ माझ्या पायांकडे बघतात. मी काकांना बोलावलं. ऐकून ते फार ओशाळले. मग तिच्यापुढे हात जोडून म्हणाले, "पोरी, तुझ्या डाव्या चपलेची टाच बाहेरच्या अंगानं झिजलीय. म्हणून बगत होतो. दुसरं काय न्हाई." तिनं तिथल्या तिथं चप्पल काढून पाहिली. झिजलेली होती. पुढे तीच त्यांना चहा आणून देऊ लागली, आणि 'क्वालिटीकाका' हे नावही तिनंच पाडलं.

काका मूळचे लातूरकडचे. तरुणपणी चिंचवडला आले आणि गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत तीस वर्षं क्वालिटी खात्यात राहिले. तयार झालेला प्रत्येक भाग मापात बसतो की नाही ते बघायचं. बसला तर हिरव्या क्रेटमध्ये, नाही बसला तर लाल क्रेटमध्ये. कंपनी चाकणला हलली तेव्हा जुन्या माणसांना घरी बसवलं, त्यांत काकाही बसले. आमच्या दवाखान्यात ते पहिल्यांदा आले ते बायकोला घेऊन. काकूंचे दोन्ही गुडघे बदलायचे होते. मी तिथल्या नोंदी विभागाचा प्रमुख. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी हे गृहस्थ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, आमच्या मंडळींच्या पायात जो जॉब बसवलाय, त्याचा लॉट नंबर कुठं मिळंल?"

जॉब म्हणजे कृत्रिम सांधा, हे कळायला मला जरा वेळ लागला. मी फाइल उघडून दाखवली. सांध्याच्या खोक्यावरची चिकटपट्टी आम्ही केसपेपरवर लावतो. तिच्यावर कंपनी, माप, लॉट नंबर, सगळं असतं. काकांनी त्या नंबरावरून हळूच बोट फिरवलं. "मग ठीकाय," ते म्हणाले. "नंबर हाय म्हंजे पुढं कुणीतरी इचारणार हाय."

"विचारणारा माणूसच तर मिळत नाहीये, काका," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते सहज निघून गेलं.

त्याचं कारण असं. त्याच सुमारास आसपासच्या काही दवाखान्यांनी मिळून गुडघेबदलाची एक सामायिक नोंदणी सुरू केली होती. कल्पना साधी होती आणि चांगली होती. एकाच दवाखान्यात बदललेल्या गुडघ्यांवरून कोणता सांधा टिकतो आणि कोणता लवकर सैल होतो हे नक्की कळत नाही. सगळ्यांनी आपापली माहिती एकत्र केली तर कळतं, आणि वेळेवर कळतं. नोंदणीत रुग्णाचं नाव जात नसे, फक्त क्रमांक. त्याच्यापुढे वय, वजन, सांधा कोणत्या बनावटीचा, आणि मग सहा महिन्यांनी, वर्षानं, दोन वर्षांनी फोन करून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं. शेवटी चार रकाने: समाधानी, थोडा त्रास, जास्त त्रास, आणि संपर्क झाला नाही. चौथ्या रकान्यात गेलेली माणसं निष्कर्ष काढताना धरली जात नसत. हे वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं, कारण मी जे केलं ते त्या चौथ्या रकान्यात केलं.

काकू सहा महिन्यांनी दाखवायला आल्या त्या काठीशिवाय चालत. काकांना मी फोनच्या कामाबद्दल विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून हजर. एक निळं, एक लाल.

आपल्याकडची म्हातारी माणसं दवाखान्यातून फोन आला की खरं सांगत नाहीत. त्यांच्या मनात कपट नसतं. डॉक्टरांनी एवढं केलं, आता दुखतंय म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल, एवढंच. "कसं आहे?" म्हणून विचारलं की "तुमच्या कृपेनं बरं आहे" हे उत्तर ठरलेलं. काकांच्या आधी एक मुलगी हे काम करायची. तिनं महिनाभरात जवळजवळ सगळ्यांना 'समाधानी'त बसवलं होतं. काकांनी तिची यादी पाहिली आणि पहिल्यापासून फोन लावायला घेतले. "बरं हाय, हे काय माप न्हाई, साहेब," ते म्हणाले. "बरं किती, ते इचारायला पायजे."

ते विचारत तेही कसं? गुडघ्याचं नावच काढत नसत. "आज्जी, काल नळाला पाणी आलं तवा हंडा कुणी उचलला?" "देवापुढं पाटावर बसता का खुर्ची घेता?" "जिना सरळ उतरता का आडवं होऊन?" आणि शेवटी, "सुनंला हाक न मारता उठता येतं का?" या शेवटच्या प्रश्नाला बायका आवाज खाली आणून बोलायला लागत. फोन कानाला लावून काका नुसतं "हां... हां... मग? सून काय म्हणली?" करत राहत. एकेक फोन अर्धा अर्धा तास चाले. आमचे प्रशासन अधिकारी एकदा वैतागून म्हणाले, "काका, गुडघ्याचं विचारायचंय, घरचं नाही." काका म्हणाले, "गुडघा घरातच ऱ्हातो की, साहेब."

कंपनीची एक सवय मात्र त्यांनी सोडली नाही. शिफ्ट संपताना दिवसभराच्या तपासणीचा कागद सुपरवायझरच्या हातात द्यायचा आणि त्याच्यावर सही घ्यायची, ही तिथली रीत. इथं सुपरवायझर मी. रोज पाच वाजता ते माझ्यासमोर कागद ठेवत. नाव, तारीख, किती वाजता फोन केला, माणूस काय म्हणाला, सगळं ठळक अक्षरांत. त्रास असलेल्यांची नावं लाल पेनानं. मी सही करायचो आणि कागद कपाटात टाकायचो. एकदा मी म्हणालो, "काका, एक झेरॉक्स तुमच्याजवळ ठेवत जा." त्यांना ते जरा लागलंच. "कशाला? सही झाली, माल तुमचा झाला. माझ्यापाशी ठिवला तर तुमच्यावर भरवसा न्हाई असं व्हतंय."

मी हे वाक्य विसरण्याचा पुष्कळ प्रयत्न केला आहे.

फोन लागला नाही तर काका घरी जात. मारुंजीला मुलाकडे भाड्याच्या खोलीत राहायला आलेला कुणी बाप खोली बदलून गेलेला असे. काका चार दारं ठोठावून त्याला शोधून काढत. गुडघा किती वाकतो ते मोजायचा एक कोनमापक त्यांनी फिजिओच्या खोलीतून मागून घेतला होता. तो फडक्यात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत ठेवायचे. एकदा मलाही मागं बसवून घेऊन गेले, महाळुंग्याला.

तिथल्या एका बाईंचा फोन महिनाभर लागत नव्हता. घर जुन्या गावकऱ्यांचं. चहूबाजूंनी कंपन्या, आणि अंगणात कामगारांना भाड्यानं दिलेल्या पत्र्याच्या खोल्यांची ओळ. बाई दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. साठी ओलांडलेली, कपाळावर मोठं कुंकू. काकांचा आवाज ऐकल्याबरोबर त्यांनी ओळखलं.

"आगं बया, तुमी व्हय ते फोनवालं? नंबर बदलला पोरानं. एवढ्या लांब कशापायी आला? बसा, च्या ठिवते."

म्हणाल्या खऱ्या, पण खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊनही त्यांना पहिल्या झटक्यात उठता आलं नाही. काकांनी ते पाहिलं. "बसा आक्का. च्या साहेब ठिवतील."

"येतो का त्यांना?"

"न्हाई येत. पर शिकतील."

बाई हसल्या. मीही हसलो, आणि खरोखरच आत जाऊन चहा ठेवला. त्यामुळे पुढचं बोलणं मी स्वयंपाकघरातून ऐकलं. काका गुडघा मोजत होते, बाई सांगत होत्या. चालताना आत काहीतरी हलल्यासारखं होतं. कट्टकन वाजतं. नातवाला शाळेत सोडायला जायच्या, ते बंद झालं. "डागदराला सांगू नगा बरं का. देवमाणूस हाय त्यो. माझंच कायतरी चुकलं आसंल."

मी कप घेऊन बाहेर आलो तेव्हा त्या विचारत होत्या, "दुसऱ्या गुडघ्याचं बी करायचंय. त्योच सांधा घालू का दुसरा बघू?"

काकांनी त्यांचा पाय हलकेच खाली ठेवला. कोनमापक फडक्यात गुंडाळला. मग म्हणाले, "आत्ता सांगता येत न्हाई, आक्का. तुमच्यावानी सगळ्यांचं मोजायलाव आमी. एकाच दवाखान्याचं न्हाई, लई दवाखान्यांचं. मोजून झालं की मी सोता फोन करून सांगतो. तवर थांबा."

"थांबते की. मला कुठं घाई हाय?"

येताना चाकणच्या रस्त्यावर ट्रेलरांच्या रांगेत आमची स्कूटर अडकली. काका मान मागं वळवून म्हणाले, "साहेब, ह्याच बनावटीचे लई झाले आता. लाल क्रेट भरायलाय. वर सांगायला पायजे."

वर म्हणजे सर. आमचे प्रमुख सर्जन. सरांचा हात फार चांगला होता आणि माणूसही वाईट नव्हता. मी माझं ओझं त्यांच्या खांद्यावर टाकण्यासाठी हे लिहीत नाही. तो सांधा त्यांनीच पसंत करून आमच्याकडे आणला होता, दुसऱ्या दवाखान्यांतल्या तरुण डॉक्टरांना तो बसवायला शिकवला होता. मी लाल नावांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. म्हणाले, "यांतल्या बऱ्याच जणांचं वजन जास्त आहे. व्यायाम कुणी करत नाही. सांध्याचा दोष कशावरून? ज्यांचं नक्की सांगता येत नाही, ते सध्या राहू द्या ना. चौथा रकाना आहेच की." मग चष्मा काढून त्यांनी माझ्या मुलीच्या दहावीची चौकशी केली.

एवढंच. धमकी नाही, आमिष नाही. मी म्हणालो असतो, "सर, हे लोक बोललेत, यांना चौथ्यात कसं टाकू?" तर ते कदाचित "बरं, मग राहू द्या" म्हणाले असते. मी ते कधी बोलून पाहिलंच नाही. मला मोठ्या माणसासमोर अवघडपणा सहन होत नाही. लहानपणापासून होत नाही. वडील कंपनीत साहेबासमोर कसे उभे राहायचे ते मी पाहिलं होतं आणि मी तसा होणार नाही असं ठरवलं होतं. खुर्ची मिळाली, उभं राहणं तसंच राहिलं.

टेबलावर येऊन मी पहिली ओळ बदलली ती महाळुंग्याच्या बाईंची. 'जास्त त्रास'च्या जागी 'संपर्क झाला नाही'. त्यांच्या घरच्या साखरेचा मी केलेला चहा पिऊन मला दोन दिवसही झाले नव्हते. पण संगणकाच्या पडद्यावर बाई नव्हत्या, एक क्रमांक होता. क्रमांक बदलायला काही वाटत नाही. मग दुसरी ओळ, तिसरी. दीड वर्षात एकोणीस. 'सध्या' हा शब्द मी प्रत्येक वेळी मनात म्हणत असे.

काका मधूनमधून विचारत, "लाल क्रेटचं काय म्हणाले वर?"

"बघतायत."

"बगू द्या. घाई न्हाई. पर मोजणीत हायत ना ते? नापास माल बाजूला ठिवा, पर मोजणीतून काढला तर मशीन बिघडलंय हे कळायचं कसं?"

"आहेत, काका. मोजणीत आहेत."

अखेर नोंदणीकडून पत्र आलं. तिथं सगळ्या दवाखान्यांचे आकडे तपासणाऱ्या एक संख्याशास्त्राच्या बाई होत्या. त्यांनी लिहिलं होतं, की बाकीच्यांच्या मानानं तुमच्याकडे संपर्क न झालेले रुग्ण फार आहेत, खुलासा करावा. पत्रात संशय नव्हता, नुसता प्रश्न होता. त्या स्वतः आल्या. सरांच्या खोलीशेजारच्या बैठकीच्या खोलीत सर, प्रशासन अधिकारी, त्या बाई आणि मी. "फोन कोण करतं?" त्यांनी विचारलं. कुणीतरी काकांना बोलवायला पाठवलं.

काका आले, खुर्चीच्या कडेवर बसले. बाईंनी यादी त्यांच्यापुढे सरकवली. "या लोकांना तुम्ही फोन केले नव्हते का?"

काकांनी यादी डोळ्यांजवळ नेली. "हे तर नुसते नंबर हायत, म्याडम. नावं सांगा, एकेकाचं सांगतो."

"नावं आम्हाला बघता येत नाहीत. नियम आहे."

"मग माझे कागद बगा. रोजच्या रोज दिलेत. साहेबांची सही हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कागद माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात होते, तारखेप्रमाणे लावलेले. उठून आणायला दोन मिनिटं लागली असती. मी म्हणालो, "रोजचे असे कागद नव्हते. कधीतरी एखादा यायचा." माझा आवाज नेहमीसारखाच आला. त्याचंच मला आजही आश्चर्य वाटतं.

काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घाईत मी काहीतरी विसरलो असेन आणि आता आठवेल, अशा समजुतीनं ते थांबले होते. मला आठवलं नाही. तेव्हा ते बाईंकडे वळले. "मग पुन्हा मोजा, म्याडम. आमच्या कंपनीत वाद झाला की पुन्हा मोजायचे. मी आत्ता फोन लावतो, तुमच्यासमोर."

बाई काहीतरी बोलणार होत्या. त्याआधी प्रशासन अधिकारी म्हणाले, "काका, आता त्याची गरज नाही. तुमचं वय झालंय, होतं असं." सर खिडकीबाहेर बघत होते.

काका उठले. जाताना खुर्ची टेबलाखाली सरकवून गेले.

महिनाअखेर ते माझ्या टेबलाशी आले. दवाखान्याचा फोन, कोनमापक आणि स्वतःची दोन्ही पेनंसुद्धा त्यांनी ओळीनं मांडली, आणि 'परत मिळाले' असं स्वतःच लिहून आणलेला कागद माझ्यापुढे ठेवला. मी सही केली. ते म्हणाले, "येतो साहेब," आणि गेले. त्याच आठवड्यात मी खालच्या कप्प्यातले सगळे कागद कापून टाकणाऱ्या यंत्रात घातले. ते काम मी दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. दीड वर्षाचे कागद होते, दुपारचे जेवणाचे तास पुरले नाहीत.

त्यानंतर वर्षानं ते मला पिंपरी कॅम्पात भेटले. काकू पुढं चालत होत्या, झपझप. काका पिशव्या घेऊन मागं. मला चुकवता आलं असतं, पण त्यांनीच हाक मारली. "साहेब, कसं हाय?" मी म्हणालो, "बरं आहे." पूर्वीचे काका असते तर त्यांनी तिथं सोडलं नसतं. या वेळी त्यांनी नुसती मान हलवली. मग पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "साहेब, मी लई इचार केला. माझंच चुकलं असंल. शेवटी शेवटी ऐकू कमी येत व्हतं मला. काही फोन लागले न्हाईत आन् लागले असं वाटलं असंल. कागदाचं बी तसंच. दिले असं वाटलं असंल. तुमच्यावर नाराजी न्हाई."

तीस वर्षं ज्या माणसानं डोळ्यांनी आणि बोटांनी केसाएवढा फरक पकडला, त्याचा स्वतःच्या मोजमापावरचा विश्वास मी काढून घेतला होता. भर बाजारात, चपलांच्या दुकानासमोर, मला ते सांगून टाकता आलं असतं. दोन वाक्यं होती. मी म्हणालो, "असू द्या काका, जुन्या गोष्टी." काकू पुढून ओरडल्या, "चला की वो!" आणि ते गेले.

नंतर काही महिन्यांनी दवाखान्यात एक फोन आला. महाळुंग्याच्या बाईंचा मुलगा. "ते फोनवाले काका आहेत का? आईला त्यांच्याशीच बोलायचंय." मी सांगितलं, ते आता इथं नसतात. त्याला काय काम होतं विचारलं. तो म्हणाला, "आईचा दुसरा गुडघा केला ना, गेल्या वर्षी. दुसऱ्या दवाखान्यात. आता तोही पहिल्यासारखाच वाजतोय." मी विचारलं, सांधा कोणता. तोच. "तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, सगळ्या दवाखान्यांचा डेटा बघूनच हा घालतोय, याचे आकडे चांगले आहेत," तो म्हणाला. "आई त्या काकांच्या फोनची लई दिवस वाट बघत होती. आला नाही. मग ती म्हणाली, काही वाईट असतं तर त्यांनी फोन केला असता."

मी त्याला फिजिओचा नंबर दिला.

काका गेल्या पावसाळ्यात गेले. हृदयाचा झटका. स्वागतकक्षातल्या त्या मुलीनं मला सांगितलं. ती त्यांच्या घरी जाऊन आली होती. काकूंनी तिला म्हटलं, की शेवटच्या वर्षात कुणालाही फोन लावला की ते दोनदोनदा विचारायचे, "लागला ना? तू ऐकलास ना?" मी दहाव्याला गेलो नाही. त्या दिवशी कामावर मात्र वेळेवर गेलो.

मी अजून त्याच टेबलावर बसतो. सर दुसरीकडे गेले आहेत. तो सांधा आमच्याकडे आता कुणी वापरत नाही. तो का बंद झाला हे कुणी विचारलं नाही, नवा आला म्हणून जुना गेला. इतर दवाखान्यांत तो चालू आहे की नाही, मला माहीत नाही. नोंदणी चालू आहे. तिच्यावरून डॉक्टर ठरवतात, आणि बहुतेकांनी माहिती खरी भरलेली असल्यामुळे बरंचसं बरोबर ठरवतात. आमच्या दवाखान्याच्या एकोणीस ओळी अजून चौथ्या रकान्यात आहेत. त्या माणसांनी फोन उचलले होते, अर्धा अर्धा तास बोलून उत्तरं दिली होती, याचा कागद उरलेला नाही. काकाही नाहीत. जाणणारा मी आहे.

काकूंकडे जाऊन त्यांचा नवरा चुकला नव्हता, हे मला सांगायचं आहे. महाळुंग्याला जाऊन त्या बाईंना सांगायचं आहे. आणि नोंदणीच्या त्या बाईंना माझ्या सहीनं लिहून द्यायचं आहे, की फोन झाले होते, माणसं सापडली होती, त्यांची उत्तरं मी पुसली. ते पत्र मी अजून दिलेलं नाही.